बाहेर त्रेचाळीस, आत छत्तीस

१४ मे, मंगळवार, दुपारचे दोन वाजून सात मिनिटे. जळगावच्या एका डायलिसिस केंद्राच्या फाटकातून आठ आसनांची पांढरी गाडी बाहेर पडली आणि माझ्या मांडीवरच्या लॅपटॉपवर दोन आकडे शेजारी-शेजारी उमटले. बाहेरच्या हवेचे तापमान त्रेचाळीस अंश. इंजिन आत ओढत असलेल्या हवेचे तापमान छत्तीस अंश.

दुसरा आकडा अशक्य होता. इंजिन जी हवा ओढते ती बाहेरचीच असते. बोनेटखालच्या उष्णतेने ती वाटेत थोडी तापते, त्यामुळे हा आकडा बाहेरच्या तापमानाहून दोन-चार अंशांनी अधिक असतो. तो कमी असण्याला काहीच कारण नव्हते. ही गाडी सकाळपासून उन्हात तापत उभी होती. तिच्या पोटात कोणी बर्फ भरला असेल तरच हे घडावे. सहा वर्षे मी गाड्यांचे आकडे वाचते आहे. असा आकडा मला कधी दिसला नव्हता, आणि मला तो मनापासून आवडला.

मी नेमके काय करते, हे आधी सांगायला हवे. माझ्या आईलाही ते शेजारणींना नीट सांगता येत नाही. "गाड्यांचं काहीतरी करते कॉम्प्युटरवर," असे ती म्हणते, आणि ते चूक नाही.

अलीकडच्या काळात बनलेल्या प्रत्येक मोटारीत, स्टिअरिंगखाली, चालकाच्या गुडघ्यापाशी सोळा पिनांचे एक सॉकेट असते. इंजिन चालवणारा संगणक बाहेरच्या जगाशी बोलतो तो या खिडकीतून. वर्कशॉपमध्ये या सॉकेटला एक यंत्र जोडतात आणि संगणकाने साठवून ठेवलेले दोष वाचतात. त्यांना सगळे 'कोड' म्हणतात. मी त्याच सॉकेटला काड्यापेटीएवढा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एका बोर्डावरचा छोटा संगणक, जोडते. हौशी विद्यार्थी दिवे लुकलुकवण्यासाठी आणि कुंड्यांना पाणी देण्यासाठी वापरतात, तोच. वर्कशॉपचे यंत्र उभ्या गाडीला विचारते, तुला काय झाले होते? माझा बोर्ड धावत्या गाडीला दर सेकंदाला विचारत राहतो, आता कसे आहे? या दोन प्रश्नांमधल्या अंतरावर माझा व्यवसाय उभा आहे.

जोडणी दिसते सोपी. सोळांपैकी मला चारच पिना लागतात. दोन बॅटरीच्या पुरवठ्याच्या. बारा व्होल्टचे पाच करून घेतले की बोर्ड जागा होतो. उरलेल्या दोन संभाषणाच्या. त्यांच्या तारा गाडीभर एकमेकींना पीळ घालून फिरतात आणि संदेश पाठवताना एकीचा दाब वर जातो तेव्हा दुसरीचा खाली येतो. ठिणग्यांचा, पंख्यांचा, हॉर्नचा विद्युत गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच आदळतो. वाचणारा फक्त दोघींमधला फरक पाहतो, आणि सारखी भर फरकात उरत नाही. गोंगाट जातो, संदेश राहतो. धुळ्याला एम.एस्सी. करताना हे पहिल्यांदा समजले तेव्हा मी तो परिच्छेद लागोपाठ तीनदा वाचला. त्याहून सुंदर गोष्ट पुढच्याच पानावर होती. गाडीतले दोन भाग एकाच क्षणी बोलू लागले, तर ज्याचा क्रमांक लहान तो बोलत राहतो आणि दुसरा आपण होऊन थांबतो. पहिल्याचे एक अक्षरही बिघडत नाही. आमच्या सोसायटीच्या सभेत हा शिष्टाचार अजून यायचा आहे.

तापमान सांगण्याची रीतही अशीच शहाणी आहे. एका तापमानासाठी संगणक शून्य ते दोनशे पंचावन्न यांपैकी एकच संख्या पाठवू शकतो. उणे संख्या तिच्यात मावत नाही. म्हणून ठरले असे, की खऱ्या तापमानात चाळीस मिळवून पाठवायचे आणि वाचणाऱ्याने चाळीस वजा करायचे. बर्फाळ देशातली गाडी आणि चोपड्याची गाडी एकाच नियमात बसली. हे ज्यांनी ठरवले त्यांची नावे मला ठाऊक नाहीत, पण रोज सकाळी मी त्यांच्याच व्यवस्थेवर पोट भरते.

खेदाची बाब एकच. माझी बहुतेक गिऱ्हाइके गाडीचे मालक असतात आणि त्यांना इंजिनाविषयी काही जाणून घ्यायचे नसते. त्यांना ड्रायव्हरविषयी जाणून घ्यायचे असते. धुळ्याच्या एका वाहतूकदाराने मला विचारले होते, "मॅडम, आमचा माणूस हायवेवर चहाला किती वेळ घालवतो, ते दिसेल का?"

"गाडी किती वेळ उभी होती ते दिसेल. तो चहा पीत होता की टायर बदलत होता, ते नाही दिसणार."

"मग चहाचंपण काहीतरी बसवा ना."

संशय हा माझ्या धंद्याचा मोठा आधार आहे, हे मी नाकारत नाही. म्हणूनच नूरआपा जळगावच्या मेहरूण भागातल्या माझ्या खोलीचा जिना चढून आल्या, ती सोमवारची दुपार मला वेगळी आठवते. पन्नाशीच्या, उंच, डोक्यावर ओढणी घट्ट गुंडाळलेली, हातात गाडीची किल्ली. चोपड्याहून आठवड्यातून तीन दिवस, मंगळवार, गुरुवार आणि शनिवार, पाच रुग्णांना डायलिसिससाठी जळगावला आणायचे आणि परत न्यायचे, हे त्यांचे काम. दारातूनच त्या म्हणाल्या, "गाडीत वायरी घालणारी पोरगी तूच का?"

"हो. बसा ना, आपा."

"बसायला वेळ नाही. गाडी सावलीत लावली आहे आणि सावली सरकतेय."

उभ्या-उभ्याच त्यांनी तक्रार सांगितली. सकाळी येताना गाडी उत्तम चालते. दुपारी परतताना तापी ओलांडून पुढे गेले की केव्हातरी एसी गरम हवा फेकू लागतो. मग गाडीचा दम जातो. पाय दाबला तरी ती पुढे सरत नाही. अर्धा तास थांबले की पुन्हा शहाण्यासारखी चालते. धुळ्याच्या ज्या वर्कशॉपमधून गाडी घेतली, तिथे तीनदा दाखवून झाले होते.

"तीनदा यंत्र लावलं आणि तीनदा सांगितलं, ताई, कोड नाही, गाडीत काही नाही. गाडीत काही नाही, तर मग काय माझ्यात आहे?"

अडचण साधी नव्हती. डायलिसिस करून उठलेल्या माणसाचा रक्तदाब उतरलेला असतो, अंगात त्राण नसते. मागच्या शनिवारी ही पाच माणसे अर्धा तास रस्त्याच्या कडेला बसली, आणि त्यांतल्या शोभाअक्कांनी पुन्हा या गाडीत पाय ठेवणार नाही असे सांगून टाकले. बाकीच्यांच्या घरच्यांनी मिळून ठरवले होते की येत्या शनिवारपर्यंत गाडी सुधारली नाही, तर हे बंद. दुसरी एसी गाडी या कामाला मिळत नव्हती. म्हणजे एसटी, किंवा मुलाच्या मोटारसायकलवर मागे बसून पन्नास किलोमीटर ऊन. किंवा अक्कांनी दुसऱ्याच दिवशी, मंगळवारी केले तेच, घरी राहणे. ज्यांची मूत्रपिंडे काम करत नाहीत त्यांनी घरी राहणे म्हणजे काय, हे मी वाचकांना सांगायला नको.

त्या काळात केळीच्या वाहतुकीतले एक मोठे काम मला मिळण्याच्या बेतात होते आणि मला ते हवे होते. मला मोठे व्हायचे आहे, हे मी कधी लपवलेले नाही. तरी मी आपांना लगेच हो म्हटले. कोड नसलेला बिघाड समोर आल्यावर मला नाही म्हणता येत नाही.

मंगळवारी पहाटे मी चोपड्यात त्यांच्या अंगणात होते. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीचे इंजिन सुरू करण्यापूर्वी एक परीक्षा घ्यायची असते. इंजिनाला थंड ठेवणारा द्रव म्हणजे कूलंट, आत जाणारी हवा आणि बाहेरची हवा, या तिघांचे तापमान तेव्हा एकच असायला हवे. कोणी वेगळा आकडा सांगत असेल तर तो तापमापक खोटा. बाहेरच्या हवेसाठी मी माझा स्वतःचा तापमापक आरशाच्या सावलीत चिकटवला होता. तिघांनीही एकोणतीस सांगितले. साक्षीदार विश्वासार्ह निघाले.

चार रुग्ण चढले. त्यांतले केळीचे बागायतदार नाना पुढे माझ्या शेजारी बसले. त्यांनी बोर्डावरचा निळा दिवा बराच वेळ न्याहाळला.

"हाई काय शे?"

"गाडीची नाडी बघायचं यंत्र आहे, नाना."

"बठ्ठा बिमार एकाच गाडीमां," नाना मागे वळून सर्वांना म्हणाले. "आम्हीबी बिमार, गाडीबी बिमार. फक्त नूर चांगली शे."

"मी पण बिमार पडेन तुमच्या बोलण्यानं," आपा म्हणाल्या. "पट्टा लावा."

सकाळच्या प्रवासात एकही आकडा रेषेबाहेर गेला नाही. रुग्ण केंद्रात गेले, मी आत बसून नोंदी तपासल्या, आपा बाहेर गाडीशी काहीतरी करत होत्या. दोन वाजता सगळे परत चढले. आणि मग तो छत्तीसचा आकडा आला.

सर्वांत आधी मी माझ्यावरच संशय घेतला. संगणकाने पाठवलेली कच्ची संख्या पाहिली: शहात्तर. चाळीस वजा केले, छत्तीस. वजाबाकी बरोबर. तापमापक खोटा म्हणावा, तर सकाळी तोच खरे बोलला होता. म्हणजे आकडा खरा होता. इंजिनात जाणारी हवा खरोखरच बाहेरच्या हवेपेक्षा सात अंशांनी थंड होती.

विदगावजवळचा तापीचा पूल आला, आणि तिथून तो आकडा चढू लागला. अडतीस, एकेचाळीस, पंचेचाळीस. धानोऱ्यापर्यंत एकोणपन्नास. आता तो जितका असायला हवा त्याहून अधिक होता. त्याच्या मागोमाग कूलंट निघाले. एरवी ते नव्वदीच्या आसपास असते. इथे अठ्ठ्याण्णव, एकशे दोन, एकशे पाच. एकशे आठवर एसीतून गरम वारा आला.

"बघ," आपा म्हणाल्या. "आता दम जाईल."

एकशे दहावर तो गेला. मला मात्र त्या क्षणी गाडीच्या संगणकाचे कौतुक वाटले. हा बिघाड नव्हताच, हे संरक्षण होते. इंजिन जळू नये म्हणून त्याने आधी एसीचे ओझे उतरवले, मग स्वतःचा जोर आवरला. धोक्याचा लाल दिवा लागण्याची वेळच येऊ दिली नाही. आपले काम चोख केलेल्याने दोष कशाला नोंदवावा? म्हणून कोड नव्हता.

आपा घाबरल्या नाहीत. दम गेलेली गाडी त्यांनी गिअर उतरवत, मागच्या ट्रकला हात दाखवत, जवळजवळ चालण्याच्या वेगाने आणखी बरीच पुढे नेली आणि एका मोठ्या चिंचेखाली उभी केली. दारे उघडली, ओले रुमाल वाटले, नानांच्या हातात पाण्याचा मोजून अर्धा पेला दिला. या रुग्णांना पाणीही बेताने द्यायचे असते. मागचे सगळे थांबे कुठे झाले, ते मी त्यांना विचारून नकाशावर मांडले, तेव्हा एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. प्रत्येक थांब्यावर मोठे झाड होते. गाडी कुठेही बंद पडते, अशी घरच्यांची तक्रार होती. ती कुठेही पडत नव्हती. या रस्त्यावर दुपारच्या कोणत्या वेळी कोणत्या झाडाची सावली कुठे पडते, हे आपांनी पाठ केले होते, आणि मरगळलेली गाडी त्या दर वेळी तिथपर्यंत रेटत नेत होत्या. हे त्यांनी कोणाला बोलून दाखवले नव्हते. कोणी विचारलेही नव्हते.

मी खाली उतरून गाडीच्या समोर गेले आणि तिथे माझे उत्तर तारेने बांधलेले होते. समोरच्या जाळीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, कुलरमध्ये बसवतात ती वाळ्याची जाडजूड पट्टी होती. सकाळी ती नव्हती, आणि दुपारी लॅपटॉपमध्ये डोके घालून चढताना मला ती दिसली नव्हती.

"आपा, हे काय?"

"वाळा. दुपारच्या खेपेला भिजवून बांधते. सकाळी लागत नाही, मागच्या सीटखाली पोत्यात असतो."

"तुम्ही मला सांगितलं नाही."

"त्यात काय सांगायचं? मी घाम कशानं पुसते तेपण सांगू का?"

मी हात लावला. पट्टी खडखडीत कोरडी होती, आणि मला सगळे एकदम दिसले. आमच्याकडची उन्हाळी हवा इतकी कोरडी असते की पाणी तिच्यात झपाट्याने उडते आणि उडताना उष्णता घेऊन जाते. जळगावातले प्रत्येक घर मार्चपासून याच नियमावर झोपते. आपांनी तो नियम गाडीला लावला होता. केंद्राच्या फाटकापासून तापीपर्यंत त्यांची गाडी खरोखरच छत्तीस अंशांच्या हवेत श्वास घेत होती. पण पुलाच्या पुढे वाळा सुकला, की त्याचे गादीत रूपांतर होई. रेडिएटरच्या तोंडावर गादी बांधून त्रेचाळीस अंशांत गाडी चालवली, तर जे व्हायचे तेच होत होते.

"आणि वर्कशॉपला नेताना?"

"तेव्हा काढते की. गाडी धुते, आतून पुसते, पहाटे गार वेळेत निघते. चार लोकांत न्यायची, तर अशी गवत बांधून नेऊ?"

मागून नाना म्हणाले, "मीबी डॉक्टरकडे जावानं पहिले दाढी करस."

हसू आले, पण नानांनी नेमके बोट ठेवले होते. तीनदा धुळ्याला गेलेली गाडी आजारी गाडी नव्हतीच. ती न्हाऊन-माखून, थंड हवेतून, रिकामी, एसी न लावता गेलेली गाडी होती. तिला पाहून कोणीही म्हणाले असते, काही नाही.

मी मांडलेला निष्कर्ष सरळ होता: वाळा काढा, प्रश्न सुटेल. गुरुवारी आम्ही वाळा न बांधता परतलो. आत जाणारी हवा लगेच सुधारली. बाहेरच्या हवेपेक्षा तीन अंश जास्त, पुस्तकात असते तशी. कूलंट मात्र सुधारले नाही. ते सावकाश चढले, पण चढले. अडावदपाशी एकशे चार, चोपड्याच्या वेशीवर एकशे सहा. आणखी दहा किलोमीटर रस्ता असता, तर एसी गेला असता. चोपड्याचे पहिले घर दिसले तेव्हा आपांनी स्टिअरिंगवरचा हात काढून कपाळ पुसले.

"वाळा काढला, तरी?"

"तरी," मी म्हणाले. "म्हणजे अजून काहीतरी आहे."

"बिचाऱ्याला उगाच बदनाम केलं," त्या म्हणाल्या. वाळ्याविषयी बोलत होत्या.

त्या दिवशी शोभाअक्कांना त्यांच्या मुलाने मोटारसायकलवरून जळगावला नेऊन आणले होते, आणि घरी आल्यावर त्या उंबऱ्यातच बसल्या, हे संध्याकाळी कळले. मुलाने आपांना फोनवर एवढेच विचारले, "शनिवारचं काय?" आपा म्हणाल्या, "सांगते." हातात एक शुक्रवार होता.

शुक्रवारी मी आपांशी भांडले. त्या सवयीने पहाटे पाइप घेऊन गाडी धुवायला निघाल्या होत्या.

"धुवायची नाही. वाळा भिजवून बांधा. बारा वाजता निघू, एसी पूर्ण लावून."

"अशी मळकी गाडी घेऊन मी धुळ्याला जाऊ? तिथं सगळे ओळखतात मला."

"तुम्हाला ओळखतात, गाडीला ओळखत नाहीत. तीच तर अडचण आहे."

अमळनेरमार्गे धुळ्याला जाताना वाळा वाटेत सुकला, आणि वर्कशॉपच्या फाटकात शिरताना एसीने गरम वारा सोडला. आयुष्यात प्रथमच मला बिघाड वेळेवर झाल्याचा आनंद झाला. सुपरवायझर बाहेर आले, तिशीचे, हातात कापडाचा बोळा. गाडीचे तोंड पाहून ते थबकले.

"ताई, हे काय बांधलंय?"

"कुलर," आपा म्हणाल्या.

त्यांनी यंत्र लावले. कोड नव्हता. "कोड असल्याशिवाय आम्ही काही खोलत नाही, मॅडम," ते मला म्हणाले, आणि ते उद्धटपणे बोलले नाहीत. तसा त्यांचा नियम होता. मी लॅपटॉप बोनेटवर ठेवून त्यांना दोन आलेख दाखवले. मंगळवारचा, वाळ्यासह. गुरुवारचा, वाळ्याशिवाय. "वाळा हाच दोष असता, तर गुरुवारची रेघ सपाट हवी होती. ती कमी वेगाने चढते आहे. म्हणजे वाळ्यामागे आणखी एक अडथळा आहे, आणि तो समोरून दिसत नाही."

त्यांनी गुरुवारची रेघ बोटाने शेवटपर्यंत नेली. मग हळूच म्हणाले, "एसीची जाळी पुढे असते, रेडिएटर तिच्या मागे. मधली फट कोणी बघत नाही." आणि कोणालाही न विचारता त्यांनी बंपर खोलायला घेतला.

मधली फट उरलेलीच नव्हती. दोन उन्हाळे वाळ्यातून सुटलेल्या काड्या, जिनिंगच्या रस्त्यांवर उडणारा कापूस आणि आपा ज्या बोअरच्या पाण्याने वाळा भिजवत त्यातला पांढरा क्षार, या तिघांनी मिळून तिथे लोकरी नमद्यासारखा घट्ट थर विणला होता. सुपरवायझरांनी तो दोन हातांनी अखंड उचलला आणि आतल्या सगळ्या माणसांना हाक मारली. "या, बघा. तीनदा ही गाडी आली, तीनदा आपण पुढून फवारा मारला आणि परत पाठवली. मी स्वतः सही केली होती." गिऱ्हाइकासमोर आणि हाताखालच्या माणसांसमोर असे बोलणारा मनुष्य मी आमच्या क्षेत्रात दुसरा पाहिलेला नाही.

आपा तो थर उलटसुलट करून पाहत होत्या. "म्हणजे मीच केलं हे."

"तुम्ही सात अंश उतरवले होते," मी म्हणाले, आणि हे मी समजूत काढण्यासाठी म्हटले नाही. गार हवेची कल्पना बरोबर होती, मोजमाप उपलब्ध नव्हते, एवढेच. माझ्याकडे मोजमाप होते आणि अशी कल्पना मला सुचली नसती. वाळ्याला सतत ओला ठेवता आला असता आणि पाणी क्षाराचे नसते, तर काय झाले असते, हा हिशेब मी अजून केलेला नाही. करायचा आहे. नानांनी त्यावर आधीच उपाय सुचवला आहे: "तिले सलाईन लाव."

रेडिएटर बाहेर काढून धुतला, एसीची जाळी साफ केली, सगळे परत बसवले. अंधार पडायच्या आत आम्ही चोपड्याच्या वाटेला लागलो.

शनिवारी सकाळी आपांनी गाडी आधी शोभाअक्कांच्या गल्लीत घेतली. अक्का ओट्यावर बसल्या होत्या, पावले सुजलेली, पिशवी मात्र तयार.

"नूर, परत उन्हात बसाडशी का आम्हले?"

"उन्हात कधीच बसवलं नाही, अक्का. कधी चिंच होती डोक्यावर. मागच्या शनिवारी निंब होता."

अक्कांनी पिशवी उचलली. "निंब व्हता खरा," त्या म्हणाल्या, आणि मुलाच्या खांद्याला धरून चढल्या. त्यांनी यंत्राकडे पाहिले नाही, मला काही विचारले नाही. शपथा, खुलासे, आलेख यांतले काहीही त्यांनी मागितले नाही. त्यांचा विश्वास एका झाडाच्या सावलीवर परत आला होता, आणि दुपारी तो खरा ठरवणे आता आमच्याकडे होते.

परतीला बाहेर चव्वेचाळीस अंश होते. पाचही रुग्ण गाडीत, एसी पूर्ण. तापीच्या पुलावर कूलंट ब्याण्णव. धानोऱ्याला त्र्याण्णव. मंगळवारची चिंच मागे गेली. आपांनी तिच्याकडे पाहिले नाही, मी पाहिले. अडावदला चौऱ्याण्णव. मागे सगळे झोपले होते. गेल्या कित्येक खेपांत परतीच्या वाटेवर कोणी झोपले नव्हते, असे आपा नंतर म्हणाल्या.

खरी कसोटी मात्र अक्कांच्या गल्लीत होती. उभ्या गाडीला वारा मिळत नाही. एसी चालू, इंजिन चालू आणि थंड करायला केवळ एक पंखा. अक्का सर्वांत हळू उतरणाऱ्या. मुलगा दार धरून उभा राहिला. आकडा पंच्याण्णव झाला, शहाण्णव झाला. आपांचे डोळे आरशात अक्कांवर होते, पण हात किल्लीकडे गेलेला मला दिसला.

"थांबा," मी म्हणाले.

सत्त्याण्णव. बोनेटखाली पंखा घोंघावत सुरू झाला आणि गाडीपुढचा कचरा उडाला. या वेळी हवेला आरपार जायला वाट होती. अक्कांनी एक पाऊल खाली टेकले, दम घेतला, पिशवी मुलाकडे दिली. शहाण्णव. चौऱ्याण्णव. दुसरे पाऊल टेकून त्या सरळ उभ्या राहिल्या आणि ओट्याकडे चालू लागल्या. आपांनी हात किल्लीवरून काढून मांडीवर ठेवला.

मी बोर्ड सॉकेटमधून काढला. शेवटची नोंद: कूलंट, एक्क्याण्णव अंश.